पुढच्या खेपेला सांगतो

नंदा जाधव माझ्या हाताखाली अकरा वर्षं होती आणि त्या अकरा वर्षांत तिला घाई करताना मी फक्त एकदा पाहिलं. एरवी रजिस्टर मिटायचं, पेनाला टोपण लावायचं, खुर्ची आवाज न करता मागे सारायची आणि मग उठायचं, असा तिचा क्रम. टेबलावर चहा सांडला तरी तो मोडत नसे. पहिल्या महिन्यात मला वाटलं, प्राचार्यांनी चांगली ऐदी बाई माझ्या गळ्यात मारली. माझं तोंड फटकळ, सांगलीच्या विश्रामबागेत कुणालाही विचारा. मी तसं तिला बोलूनही दाखवलं.

“ऐदी नाही बाई,” ती म्हणाली, “मला मनाई आहे.”

“कशाची मनाई?”

“पळायची, जिना चढायची आणि वजन उचलायची. लहानपणी काळजाचं ऑपरेशन झालंय माझं. भोक होतं.”

आपला पत्ता सांगावा तसं तिनं ते सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी मी माझ्या डब्यातली भरली वांगी तिच्यापुढे सरकवली, ती म्हणजे माझी माफी. तिनं वांगी खाल्ली आणि मीठ कमी पडलंय म्हणून सांगितलं. आमचं जमणार हे मला तेव्हाच कळलं.

आमचं ग्रंथालय कॉलेजच्या मागच्या अंगाला, दोन मजली. खाली देवघेवीचं टेबल, वर्तमानपत्रं आणि मुलांची बसायची जागा. पुस्तकं सगळी वर. नंदा अकरा वर्षांत वर गेली नाही, पण वरचं कुठलं पुस्तक कुठं आहे हे मी ग्रंथपाल असून मला शोधावं लागे आणि तिला पाठ असे. आणायला शिपाईमामा होते, गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत जिना चढणारे. नंदा त्यांना खालून सांगे, “मामा, डावीकडून तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. शेजारी पाठ उसवलेला शब्दकोश असेल, तो ओढू नका, पानं गळतील.” मामा पुस्तक घेऊन उतरायचे आणि म्हणायचे, “तितंच हाय बगा.” वर जाऊन आलेल्या प्रत्येकाला ती खोदून खोदून विचारायची, काय कुठं ठेवलं, पाठ कुठल्या रंगाची, उजेड कुठून येतो. नव्या मुलांना वाटे, वरचं सगळं या बाईंनीच लावलंय.

एकदा दुपारी निवांत असताना तिनं मला विचारलं, “बाई, वरच्या खिडकीतून काय दिसतं?”

“काय दिसायचंय? पलीकडच्या हॉस्टेलची वाळत घातलेली कापडं.”

“अरे देवा,” ती हसली, “मला वाटायचं, कृष्णा दिसत असेल.”

विश्रामबागेतून कृष्णा कशी दिसेल, असं मी बोलणार होते. पण मी एकदाच काय ती जीभ आवरली, ती तेव्हा.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं, त्यांच्याशिवाय नंदा कळायची नाही. आण्णा म्हणजे तिचे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं. त्यांचा मोठा भाऊ तिथं उसाचं रान बघायचा. आण्णांनी मात्र पोरीला दवाखाना जवळ असावा म्हणून निवृत्तीनंतर सांगलीत घर बांधलं. त्या घराला पायरी नाही. रस्त्यावरून दारापर्यंत उतार, दाराला उंबरासुद्धा नाही. सत्यनारायणाला आलेल्या भटजींनी उंबऱ्याची पूजा कुठं करू असं विचारलं, तर आण्णा म्हणाले, “जिमिनीचीच करा. आमच्यात उंबरा वर्ज्य हाय.” मागं गच्चीवर जायला जिना होता, त्याला लोखंडी दार, दाराला कुलूप आणि किल्ली आण्णांच्या बंडीत.

रोज पावणेदहाला ते नंदाला स्कूटरवरून सोडायचे. ती आत जाऊन खुर्चीत बसली की दारातूनच मला विचारायचे, “म्याडम, ताब्यात घेतलं न्हवं?” मी हो म्हटलं की स्कूटर वळायची. मला या माणसाचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यानं माझी चिडचिड व्हायची.

ऑपरेशनची हकिगत त्यांनीच मला सांगितली. नंदा पाच वर्षांची असताना फौजेच्या मोठ्या दवाखान्यात ते झालं. चिरणारे डॉक्टर कर्नल होते. आण्णा तेव्हा हवालदार. घरी सोडताना कर्नलसाहेब वॉर्डात आले, आण्णा खाडकन सावधान उभे राहिले. साहेब म्हणाले, पळू देऊ नका, जिना नको, वजन नको. बाकी पुढच्या खेपेला बघून सांगतो. पुढच्या खेपेला आण्णा सरहद्दीवर होते, नंदाची आई पोरीला घेऊन गेली, तर कर्नलसाहेबांची बदली झालेली. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं, छान आहे म्हणाले. पळण्याचं तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिनं आण्णांना पत्र टाकलं, आण्णांचं उलट टपाली उत्तर आलं: साहेब सांगेपर्यंत हुकूम चालू ठेवणे.

“पण आण्णा,” मी म्हटलं, “तीस वर्षं झाली. दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं.”

“इचारलं की. तापाला न्हेलं तवा हितल्या तीन डॉक्टरांनी सांगितलं, काय अडचन न्हाई म्हून.”

“मग?”

“त्येंनी चिरलं न्हवतं.” आण्णांनी बशीत चहा ओतला. “म्याडम, मी बर्फात पहाऱ्यावर व्हतो. सकाळी बदली यायची, ती आली न्हाई. दुसऱ्या पलटनीचा एक सायेब जाता जाता म्हनला, जा रं, बास झालं. मी न्हाई हाललो. दुपारी आमचा गार्ड कमांडर आला, त्यानं सोडलं, तवा उतरलो. पायाची दोन बोटं गेली. पन ज्यानं उभं केलंय त्यानंच सोडायचं असतंय.”

आणि त्यांनी खरंच चप्पल काढून पाय दाखवला.

नंदा रडकी नव्हती, हे लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बिचारी. तिची जीभ माझ्याएवढीच तिखट होती, फक्त सावकाश चालायची. आमची स्टाफची सहल महाबळेश्वरला गेली, तेव्हा गाडी पॉइंटपर्यंत जाते याची खात्री करून आण्णांनी तिला सोडलं. प्रत्येक ठिकाणी आम्ही चढउतार करत दरी बघायला जायचो आणि नंदा खाली टॅक्सीवाल्यांत बसायची. संध्याकाळपर्यंत कुठल्या ड्रायव्हरची मुलगी नर्सिंगला आहे, कुणाची स्वतःची स्ट्रॉबेरी आहे आणि कोण दुसऱ्याची आपली म्हणून विकतो, सगळं तिला ठाऊक. “महाबळेश्वरचे सगळे पॉइंट पाहिले बाई,” ती म्हणाली, “पाठीमागून.” गाडीभर हशा झाला. मग पसरणी घाट उतरताना तिनं हळूच विचारलं, “वर गेल्यावर लोक नेमकं करतात काय?”

“बघतात, फोटो काढतात, येतात खाली.”

“एवढंच ना,” ती म्हणाली आणि वाईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दरीचं असं काय आहे, असं मी स्वतःलाच समजावत राहिले.

विलासराव आमच्या ग्रंथालयाचे बाहेरचे सभासद. मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कामाला. वय चाळिशीचं, बायको वारलेली, मूलबाळ नाही. शनिवारी पुस्तक बदलायला यायचे आणि पुस्तक घेऊन झालं तरी टेबलापाशी उभे राहायचे. नंदा त्यांना म्हणायची, “अजून काही हवंय?” ते म्हणायचे, “न्हाई, चाललोच.” आणि जायचे नाहीत. सहा महिने हे बघून मीच वैतागले. “अहो, हिच्या वडिलांना भेटा एकदाचं,” मी म्हटलं. नंदानं माझ्याकडं असं पाहिलं, की मला कळलं, मी तिला न विचारता तिच्याच मनातलं बोलले होते.

विलासराव रविवारी आण्णांकडं गेले. आण्णांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं, “पोरीला परवानगी न्हाई. लगीन म्हंजी लेकरू, लेकरू म्हंजी वजन. पोटात आन् कडंवर.”

विलासराव रागावले नाहीत. “आण्णा,” ते म्हणाले, “आमच्यात लंगडं कोकरू चार दिवस खांद्यावर घेत्यात. मग खाली सोडत्यात. चालतंय का ते त्याचं त्यालाच कळतंय. कोकराचा बी नाद न्हाई मला, ह्या एकटीला द्या. नायतर एखाद्या डॉक्टरला तरी दाखवू. काय निघंल ते निघंल. दिवाळीपत्तुर थांबतो मी.”

“डॉक्टर कोन? चिरनारा?”

संपलं बोलणं.

पण त्या सोमवारी नंदानं मला विचारलं, “बाई, माझ्याबरोबर याल? दुपारची सुट्टी टाकून.” तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती आणि आण्णांपासून लपवून करायची ही तिची पहिली गोष्ट. आम्ही रिक्षानं हृदयाच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तिशीच्या असतील, चटपटीत. छातीवर यंत्र फिरवून त्यांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “सुरेख काम केलंय. भोक बंद आहे, लावलेल्या तुकड्यावर तुमचंच मांस चढलंय. हृदय माझ्याइतकंच चांगलं आहे. कसली औषधं चालू आहेत?”

नंदानं मनाई सांगितली. तिन्ही कलमं, क्रमानं.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. “अहो, ते छातीचं हाड भरून येईपर्यंत सांगतात. दोन-तीन महिने.”

“मग मला कधीपासून चाललं असतं?”

“ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही कितवीत होता?”

“शाळेत घातलं नव्हतं अजून.”

“मग पहिलीपासून,” त्या म्हणाल्या. “लग्न, मूल, सगळंच. आताही हरकत नाही, वयाप्रमाणे काळजी घ्यायची आणि अधूनमधून दाखवत जायचं.”

परतताना रिक्षात मी वेड्यासारखी बडबडत होते. विलासरावांना आत्ता फोन कर, आण्णांना मी सांगते, पेढे आण. नंदा मांडीवर हात ठेवून बसली होती. मार्केट यार्डापाशी हळदीच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, तिथं ती म्हणाली, “शाळेत खेळाच्या तासाला मी सगळ्यांच्या चपला सांभाळायचे. पहिली ते दहावी. बाईंनी मला त्याचं प्रमाणपत्र दिलं होतं, उत्कृष्ट सहकार्य म्हणून.”

तिच्यापुढं धरलेला मोबाइल मी परत पर्समध्ये टाकला.

“आण्णांना सांगायचं नाही,” ती म्हणाली. “शपथ घ्या.”

“काय डोकं फिरलंय का तुझं?”

“त्यांनी माझ्यासाठी बढती सोडली. गाव सोडलं. आई मरेपर्यंत चार पायऱ्यांचं घर मागत होती, तिला कधी दिलं नाही. इतक्या वर्षांत एका लग्नाला मुक्कामी राहिले नाहीत. हे सगळं कशासाठी, तर कशासाठीच नाही, असं मी सांगू? कुठल्या तोंडानं?”

“आणि तुझी तीस वर्षं?”

“माझी गेलीच की बाई. त्यांची तरी राहू द्या.”

मला संताप आला, आजही येतो. चार दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. कुलूप आता आण्णांनी लावलेलं नव्हतं, ते हिनं आतून लावून घेतलं होतं, आणि शपथ घालून मलाही आत कोंडलं होतं. दिवाळीनंतर विलासराव आले. नंदा त्यांच्याशी बोलली, ते मान हलवून ऐकत होते. जाताना माझ्याजवळ थांबले. “बाई, डॉक्टरला दाखवलं व्हतं काय?” मी म्हटलं, “मला विचारू नका.” तो शहाणा माणूस होता, त्याला त्यातच कळलं. “म्हंजी काळीज चांगलं हाय,” ते म्हणाले आणि पुस्तक परत करून गेले. पुढं त्यांनी जतला बदली मागून घेतली.

मग दोन वर्षांनी तो रविवार. मी नंदाकडं इडलीचं पीठ द्यायला गेले होते. आण्णा गच्चीवर पाण्याची टाकी धूत होते. वरून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ आण्णांचं ओरडणं. नंदा सिंकपाशी होती. पातेलं तसंच नळाखाली टाकून ती पळाली. लोखंडी दार उघडंच होतं. वरून आण्णा ओरडत होते, “नंदा, वर येऊ नगंस. म्याडमना पाठीव.” ती दोन-दोन पायऱ्या टाकत गेली. मी मागून धापा टाकत पोचले तेव्हा आण्णा शेवाळावर आडवे पडलेले, पाय भलत्याच बाजूला वळलेला, आणि त्या अवस्थेत त्यांनी नंदाचं मनगट धरून डोळे घड्याळाला लावलेले. ते तिची नाडी मोजत होते.

“आण्णा, सोडा,” नंदा म्हणाली. “मला काही होत नाही. लहानपणीच संपलंय ते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय मला.”

“कोन डॉक्टरीन?”

“सांगलीतल्याच.”

“त्येंनी चिरलं न्हवतं,” आण्णा म्हणाले आणि मोजणं चालू ठेवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पायाच्या कळेनं की कशानं, मला ठरवता आलं नाही.

दवाखान्यात आण्णांना आत नेल्यावर आम्ही बाकावर बसलो. नंदानं तळहात छातीवर ठेवला होता. “बाई,” ती म्हणाली, “पळाल्यावर सगळ्यांचं असंच वाजतं? कानापर्यंत?”

“हो गं.”

“घाबरले मी. आणि बरंही वाटलं. आज असं वाटू नये, पण वाटलं.”

खुब्याचं हाड जोडलं, पण आण्णा पुन्हा उभे राहिले नाहीत. मग अर्धांगाचा हलकासा झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. बाईमाणूस ठेवून पाहिलं, आण्णांना परका हात चालेना. नंदानं नोकरी सोडली. जिला पाण्याची बादली उचलायला बंदी होती, ती पंचाहत्तर किलोंचा बाप दिवसरात्र उचलू लागली. तिचे दंड भरले, चाल भराभर झाली. दुकानात गेली तरी मोबाइलमधला गजर लावून जायची आणि परतताना धावत यायची. दोन तासांच्या पलीकडं तिला कुठंही जाता येत नव्हतं. गच्चीवरच्या गोष्टीबद्दल बापलेक अवाक्षर बोलले नाहीत. आण्णा प्रत्येक वेळी पुटपुटायचे तेवढं, “वजन नगं उचलू.” ती म्हणायची, “बरं,” आणि उचलायची.

मी निवृत्त झाले, मुलाकडं पुण्याला जायचं ठरलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा नंदा आत कणीक मळत होती आणि आण्णा पुढच्या खोलीत कॉटवर होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“म्याडम, तुमच्या त्या मोबाइलवर मानसाचा ठावठिकाना लागतो म्हनं. आमच्या कर्नलसायबांचा लागंल काय?”

“कशाला आण्णा?”

“त्येंनी एकदा म्हनाय पायजे. पोरीला सोडा म्हनून.” बोलताना त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं. “मला कळतंय की वो. जिना चढली तवा नाडी मोजली मी. माज्यापरीस बरी व्हती. पन मी सोडू शकत न्हाई, हुकूम माजा न्हवं.”

त्यांना नाव, दर्जा, सगळं तोंडपाठ होतं. मी चष्मा लावून शोधलं. सापडलं, फौजी डॉक्टरांच्या एका जुन्या यादीत. नावाआधी कैलासवासी होतं आणि पुढं साल. मी चष्मा काढून पदराला पुसला. आण्णा माझ्याकडं बघत होते, त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं.

“कवा?”

“बरीच वर्षं झाली आण्णा. नंदा कॉलेजात असेल तेव्हा.”

मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. आतला गजर वाजला आणि नंदा हात पुसत बाहेर आली.

“नंदा,” आण्णा म्हणाले, “कर्नलसायेब गेले.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

“आता वरचा कोन न्हाई, तवा मीच सांगतो.” त्यांनी उजवा हात चादरीबाहेर काढायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. “आजपास्नं तुला मोकळीक हाय. पळ, जिना चढ, लगीन कर, कुटं जायाचं असंल तितं जा. कोन अडवनार न्हाई.”

नंदा कॉटपाशी आली. मग वाकली, एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कंबरेखाली.

“जाते की आण्णा,” ती म्हणाली. “आधी कूस बदलू या. माझ्या गळ्यात हात टाका.”